बारा वर्षांच्या बनुबाईचा मोबाईल

मी मोबाईल बोलतोय. दचकू नका, कुणाचा फोन आलेला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, आज पहिल्यांदा माझं स्वतःचं बोलतोय. गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सध्या माझा मुक्काम पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवर, बनुबाईच्या घरात, फळीवरच्या रिकाम्या चहाच्या डब्यात आहे. डब्याचं झाकण नीट बसत नाही, म्हणून मला घरातलं सगळं ऐकू येतं. बॅटरी केव्हाच संपली. राग मात्र अजून शाबूत आहे.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते सुप्याच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथे तीन महिने मी उभा होतो. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकासाहेब आला, सोबत त्याची आई बनुबाई. काकासाहेब चाकणला कंपनीत सुपरवायझर, पुण्यात वाघोलीला फ्लॅट, बायको अश्विनी, अकरा वर्षांची मुलगी ईश्वरी. आई एकटी वाडीवर राहते, तर तिच्याकडे व्हिडिओ कॉलचा फोन हवा, असं त्याने दुकानदाराला सांगितलं.

दुकानदाराने माझं कौतुक सुरू केलं. कॅमेरा असा, मेमरी तशी, चार्जिंग इतकं वेगवान. बनुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात रेडिओ हाय का?"

नव्हता. तिने विचारलं, बॅटरी काढून उन्हात ठेवता येते का. येत नव्हती. शेणाच्या हाताने दाबला तर चालतो का. दुकानदार हसायला लागला.

"मंग ह्यात हाय तरी काय?" ती म्हणाली.

तेव्हा मला तिचा फार राग आला होता. तिच्या कमरेच्या पिशवीत रबर लावलेला एक बटणांचा फोन होता, त्याचं कव्हर पडू नये म्हणून ते रबर. त्या भंगाराच्या जागी मी आलो होतो आणि ही बाई मलाच नापास करत होती. आता वाटतं, तिचे तिन्ही प्रश्न बरोबर होते. चौथा तिला सुचला नाही, आणि मलाही.

बनुबाई चौसष्ट वर्षांची. दोन गाई, थोडी जिरायत, आणि एक विद्या. अडलेली गाय सोडवण्यात तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नाही. वासरू आडवं आलं, पाय मागे अडकले, डॉक्टर तालुक्याला गेलेला, की लोक बनुबाईला फोन करतात. ती कोपरापर्यंत तेल लावते, गाईशी काहीतरी पुटपुटते आणि आतल्या आत वासरू वळवते. मोबदला घेत नाही. फार तर चहा, आणि नंतर खरवस आठवणीने पाठवायचा.

या वाडीवर फोन कसा वापरतात, ते मला तिथे आल्यावर कळलं. फोन नावाला एकाचा, वापरायला दहा जणांचा. कुणाचं चार्जिंग संपलेलं, कुणाचा रिचार्ज संपलेला, कुणाला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. त्यामुळे जो हाताशी असेल त्याच्या फोनवरून बाया फोन लावतात. नाव सांगायची पद्धतच नाही. पलीकडून आवाज येतो, "मी बोलतीय." बनुबाई म्हणते, "बोल." झालं. नंबर कुणाचा का असेना, बोलणारी कोण, हे तिला श्वासावरून कळायचं. सकाळी दुधाचा टेम्पो फाट्यावर आला की ड्रायव्हर एक मिस्ड कॉल द्यायचा. तो उचलायचा नसतो, कॅन घेऊन निघायचं असतं.

पहिले काही आठवडे बरे गेले. ती मला पदराने पुसायची. माझ्या काचेत बघून कुंकू नीट करायची, आरशाची गरज संपली म्हणायची. मग ती लग्नपत्रिका आली.

एके सकाळी माझ्यावर एक फाईल येऊन पडली. वर गणपती, खाली 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. बनुबाईला लिहिता-वाचता येत नाही, पण पत्रिका कळते. दारात आलेली पत्रिका न उघडता ठेवली तर त्या घराचा अपमान होतो, हे तिच्या अंगात भिनलेलं. तिने दाबलं. फाईल चोरांची होती. त्या फाईलने माझ्यात घुसून मला वेड लावलं आणि माझ्याकडच्या सगळ्या नंबरांना बनुबाईच्या नावाने तीच पत्रिका धाडून दिली. पाव्हणे-रावळे फोन करून विचारायला लागले, "काकासाहेबाचं दुसरं लगीन काढलं व्हय?" पत्रिका काकासाहेबाच्या साहेबाकडेही गेली. साहेबाने कंपनीत सगळ्यांसमोर अभिनंदन केलं.

गेलं काहीच नाही. बँकेतलं जागच्या जागी राहिलं. काकासाहेबाची अब्रू मात्र गेली, आणि ती त्याला जास्त झोंबली. दिवाळीला आला तो माझ्यावर डोळे वटारूनच. आधी त्याने मला पार धुऊन पुसून कोरा केला. बनुबाईचे सगळे नंबर त्यात गेले. मग त्याने एक ॲप काढलं. पोरांच्या मोबाईलवर आई-बापांनी नजर ठेवायचं ॲप. ईश्वरीच्या फोनवर ते आधीपासूनच होतं. त्यात दोन मुलांची सोय होती आणि एक जागा रिकामी होती.

त्या दिवशी घरात चांगलीच जुंपली. अश्विनी करंज्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, ईश्वरीला लावलं ते मी समजू शकते, ती लहान आहे. आईंना कशाला?"

"पत्रिका कुणी उघडली? ईश्वरीने की आईने?"

अश्विनी म्हणाली, समजावून सांगा, एकदा फसलेलं माणूस दुसऱ्यांदा सावध असतं. काकासाहेब म्हणाला, समजावून सांगायला मी रोज इथे बसतो का. अश्विनी म्हणाली, मग रोज फोन करा, तेवढाही करत नाही तुम्ही. त्यावर तो जे बोलला ते मी इथे सांगत नाही. बनुबाई तळणाकडे बघत बसली होती. शेवटी ती एवढंच म्हणाली की काय करायचं ते करा, पण वाद घालू नका, सण हाय.

ॲपने विचारलं, मुलाचं नाव काय. काकासाहेबाने लिहिलं, बनु. जन्मतारीख विचारली. त्याने खरी टाकली, ॲपने घेतली नाही. ते ॲप फक्त लहान मुलं ओळखत होतं. मोठं झालेलं, म्हातारं होत चाललेलं माणूस त्याच्या गणतीतच नव्हतं. काकासाहेबाने क्षणभर डोकं खाजवलं आणि बोटाला येईल ते साल टाकलं. बनुबाई बारा वर्षांची झाली. तेवढ्याने भागलं नाही, ॲपने तिला एक गुलाबी अस्वल दिलं. मी गप्प बसलो. बसलो म्हणजे काय, मला कुणी विचारलंच नव्हतं.

मग यादी. ज्यांचे नंबर यादीत, त्यांचेच फोन वाजणार. बाकीच्यांचे मी आतल्या आत कापायचे, आवाज न करता, उजेड न पाडता. काकासाहेबाने स्वतःच्या फोनमधून चौदा नंबर काढले. तो, अश्विनी, श्रीगोंद्याची बहीण, दवाखाना, गॅसवाला, रेशनवाला, भावकीतले दोघे-तिघे.

"अजून कोण?" त्याने विचारलं.

"सत्यशीला," बनुबाई म्हणाली.

"नंबर?"

"तिच्याकडं कुठला फोन? सुनंच्या न्हाईतर कुनाच्याबी फोनवरनं करती."

"सुनेचा सांग मग."

सून ज्योती. तिचा नंबर बनुबाईला तोंडपाठ नव्हता, तो माझ्याकडे असायचा आणि काकासाहेबाने तासाभरापूर्वीच तो पुसला होता. तो म्हणाला, राहू दे मग, मावशीला काम असलं तर येईल की घरी. आणि त्याने वर चार आकड्यांचं कुलूप घातलं. त्या ॲपमध्ये नंबरांना जागा होती, माणसांना नव्हती. सत्यशीला बाहेर राहिली.

ही सत्यशीला कोण, ते सांगायला हवं. बनुबाई आणि ती एकाच वर्षी या वाडीत नांदायला आल्या. पन्नास वर्षं दोघींनी एकमेकींची धुणी, दुखणी आणि नवऱ्यांच्या तक्रारी वाटून घेतल्या. सत्यशीलाची वस्ती ओढ्यापलीकडे, चालत अर्धा तास. दिवाळीनंतर दोघींचं वाजलं. सत्यशीलाने तिच्या पहिलटकरीण कालवडीला थोराड जातीच्या वळूचं इंजेक्शन भरवलं होतं. बनुबाईने चार बायांत तिला सुनावलं, की जनावर कोवळं आहे, वासरू मोठं होईल, अडणार. सत्यशीलाला ते लागलं. दोघी एकमेकींच्या दारी जायच्या थांबल्या. असली भांडणं त्यांची वर्षाला दोन व्हायची आणि कुणाच्यातरी फोनवरून "मी बोलतीय" आलं की मिटायची.

आता तो फोन मी येऊ देणार नव्हतो.

ॲप लावल्याच्या दुसऱ्याच सकाळी दुधाचा टेम्पो निघून गेला, कारण ड्रायव्हरचा मिस्ड कॉल मी गिळला होता. बनुबाई कॅन घेऊन फाट्यावर गेली तेव्हा नुसती धूळ होती. तिने काकासाहेबाला सांगितलं, त्याने हो म्हटलं, आणि तो नंबर यादीत घालायला त्याला चार दिवस लागले. चार दिवस त्या बाईने दुधाचं दही लावलं. रोज संध्याकाळी माझ्यावर ते गुलाबी अस्वल उड्या मारत यायचं आणि बायकी आवाजात म्हणायचं, "शाब्बास, बनु! आज तू स्क्रीनपासून दूर राहिलीस!" वर एक सोनेरी चांदणी. बनुबाईला वाटायचं, जाहिरात असेल. ती मला पालथं घालून ठेवायची.

फेब्रुवारीतली ती दुपार. वाडी सगळी लग्नाला टाकळीला गेलेली. बनुबाईचे गुडघे धरले होते म्हणून ती मागे राहिली होती, ओट्यावर बसून तूर निवडत होती. मी तिच्या शेजारी कोनाड्यात, हाताच्या अंतरावर.

दोन वाजून सात मिनिटांनी पहिला कॉल आला. नंबर यादीत नव्हता. मी कापला. लगेच दुसरा आला, कापला. तिसरा. चौथा. मग दुसऱ्या नंबरवरून. त्या नंबरवरून पाच आले. एकूण सहावा कॉल आला त्याच वेळी बनुबाईने मला उचललं होतं, किती वाजले बघायला. तिचं बोट माझ्या काचेवर होतं आणि आत तो कॉल मरत होता. तिने वेळ बघितली, मला खाली ठेवलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मग तिसऱ्या नंबरवरून दोन. शेवटचा तीन वाजून सव्वीस मिनिटांनी. अकरा झाले.

एकाच गावाकडून सव्वा तासात कुणी अकरा वेळा हाक मारतंय, तर एकदा तरी वाजू द्यावं, एवढी अक्कल त्या ॲपात कुणी घातली नव्हती. चोर आणि गरजवंत त्याला सारखेच. आणि मी? माझ्याकडे आवाज होता, उजेड होता, थरथरायची सोय होती. यातलं काहीही मी केलं नाही. मला बांधलं होतं, हे खरं. पण कापणारा हात माझाच होता, हे मी कुठल्या तोंडाने नाकारू? तोंड नाही म्हणूनच वाचलो.

संध्याकाळी अस्वल आलं. म्हणालं, "शाब्बास, बनु! आज एकही अनोळखी माणूस तुझ्यापर्यंत पोचला नाही!" त्या दिवशी दोन चांदण्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेल्यावर बनुबाईला कळलं की सत्यशीलाची कालवड व्याताना मेली. वासरूही गेलं. ती तशीच ओढा ओलांडून गेली. सत्यशीला गोठ्यात शेण भरत होती. तिने वर बघितलं, पाटी उचलली आणि पाठ फिरवून घरात गेली. ज्योती दारात आली, सात महिन्यांची पोटुशी, डोळे सुजलेले. तिने 'या' म्हटलं नाही आणि 'बसा'ही म्हटलं नाही. बनुबाई थोडा वेळ रिकाम्या दावणीसमोर उभी राहिली आणि परत आली.

तिला वाटलं, आपण चार बायांत बोललो ते खरं ठरलं, म्हणून सत्यशीलाला राग आला असेल. तिने स्वतःलाच दोष दिला. जिभेला हाड नाही माझ्या, असं ती भिंतीकडे बघून म्हणायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की बाई, तसं नाही, तिने तुला बोलावलं होतं, राग गिळून अकरा वेळा बोलावलं होतं. पण ती यादी कुलपाच्या आत होती. कुलूप पुण्यात होतं.

त्या आठवड्याचा अहवाल काकासाहेबाला गेला. 'अकरा अनोळखी कॉल यशस्वीरीत्या अडवले.' त्याने रविवारी फोन केला, तो वाजला, कारण तो यादीत होता. भलताच खूश होता. म्हणाला, "बघ आई, एका दुपारी अकरा वेळा प्रयत्न केला चोरांनी. ॲप नसतं तर?" बनुबाईने हुं केलं. चोर आपल्याकडून काय नेणार होते, असं मात्र ती स्वतःशी पुटपुटलेलं मी ऐकलं.

मार्च गेला. हळदी-कुंकवाला बनुबाईला कुणी बोलावलं, कुणी टाळलं. वाडीवर कुजबुज पसरली होती. भांडणाचा दावा धरून बनुबाई अडलेल्या गाईला गेली नाही, बया फोन कापत बसली. त्यानंतर दोन गाई अडल्या, लोकांनी तिला कळवलंच नाही. एकीला डॉक्टर मिळाला. दुसरीचं मला माहीत नाही. तेलाची बाटली कोनाड्यात होती तशीच राहिली. एप्रिलच्या शेवटी ज्योती बाळंत झाली, मुलगी झाली. बारशाला अख्ख्या वाडीला बोलावणं गेलं. पत्रिका नव्हती, सत्यशीला स्वतः दारोदार कुंकू लावून सांगत फिरली. बनुबाई दिवसभर दार उघडं टाकून बसली. सत्यशीला पलीकडच्या दाराला कुंकू लावून, हिचं दार ओलांडून पुढे गेली.

त्या दिवशी बनुबाई रडली. पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने मला पुसलं. मला तिच्या हातातून खाली पडून फुटायचं होतं. तेही माझ्या हातात नव्हतं.

मे महिन्यात ईश्वरी सुट्टीला आली. एका दुपारी मी तिच्या हातात होतो आणि ते अस्वल उगवलं. ती खदखदून हसली. "आज्जी, तुझ्याकडेपण हे आहे? पप्पांनी तुलापण लावलं?"

"त्ये काय अस्तं?"

"मुलांना लावतात. थांब." तिने चार आकडे दाबले. बापाच्या मोटारसायकलचा नंबर. ज्या कुलपाला मी सहा महिने अजिंक्य समजत होतो, ते त्या पोरीने बिस्किट खाता खाता उघडलं. "आज्जी, ह्यात तू बारा वर्षांची आहेस. मी अकरा. म्हणजे तू माझ्याहून एकाच वर्षाने मोठी."

बनुबाई हसली नाही. आत काय काय लिहिलंय, ते तिने वाचायला सांगितलं. ईश्वरी वाचत गेली. अडवलेले कॉल. तारीख. दोन वाजून सात मिनिटं, दोन वाजून आठ, दोन वाजून अकरा. अकरावा वाचून झाला तरी बनुबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने तारीख पुन्हा वाचायला लावली. कालवड कधी गेली, ते तिला वेगळं आठवावं लागलं नाही.

ईश्वरीने विचारलं, ॲप काढून टाकू का. बनुबाई म्हणाली, नगं. तिने पाय धुतले, चप्पल घातली, नातीचं मनगट धरलं आणि मला मुठीत. गुडघ्यांची कुरकूर न करता ती ओढा ओलांडून गेली.

सत्यशीला ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन तेल लावत होती. ज्योती दळण पाखडत होती. कुणी बसा म्हटलं नाही. बनुबाई उभ्याउभ्याच ईश्वरीला म्हणाली, "वाच."

ईश्वरीने आधी पप्पांनी लावलेल्या ॲपचं सांगितलं, मग अडवलेले नंबर आणि वेळा वाचल्या. चौथ्या कॉलला ज्योतीचं सूप थांबलं. "ह्यो माझा नंबर. चार लावल्ते, मंग चार्जिंग संपलं." पुढचे पाच कुणाचे, तेही तिने ओळखलं. वस्तीवरून कांदा भरून चाललेल्या टेम्पोवाल्याचे. तोच म्हणाला होता, की बाई फोन कापते आहे. शेवटचे दोन दूध केंद्रावरच्या माणसाचे. त्यानंतर सत्यशीलानेच सांगितलं होतं, बास करा, तिला यायचं नाही.

"माझ्या हातात हुता ह्यो," बनुबाई म्हणाली. "वाजलाच न्हाई."

सत्यशीलाने बाळाला पदराखाली घेतलं. "मला काय सांगती? माझी कालवड चार तास तडफडली. मी तिच्या कानात सांगत हुते, बनु येती, बनु येती. तुझ्या पोराला इचार ती कुनी मारली."

बनुबाईने तिथेच काकासाहेबाला फोन लावायला सांगितला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्याने उचलला. ईश्वरीने आधी एका दमात सगळं सांगितलं.  मग तो म्हणाला, वाईट झालं, पण हे कुणाला माहीत होतं. म्हणाला, हे सगळं तिच्याच सुरक्षेसाठी केलं होतं, पत्रिकेचा तमाशा विसरलात का. म्हणाला, त्या ॲपमध्ये मोठ्या माणसांची सोय नाही, त्याला तो काय करणार. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच मला त्याचा जास्त संताप आला.

"मावशींचा नंबर सांगा," तो म्हणाला. "आत्ता यादीत टाकतो. विषय संपला."

"मला नंबर न्हाई, बाबा," सत्यशीला म्हणाली.

"मग ज्योतीचा सांगा. टेम्पोवाल्याचा, केंद्रावरचा, सगळे सांगा."

"आन उद्या चौथा कोन आसंल त्याचा?" बनुबाई म्हणाली. "काका, तुझ्या त्या यंत्रात मी बारा वर्सांची हाय म्हनं. बारा वर्सांची हुते तवा माझ्या आज्यानं माझा हात पयल्यांदा अडलेल्या गाईत घातला. म्हनला, भिऊ नगं, चाचप, तुला कळंल. त्यानं मला कोंडलं न्हाई. तू मला चौसष्टाव्या वर्सी कोंडलं, आन मला सांगितलंबी न्हाई."

"आई, मग उद्या काही झालं तर मला फोन करू नकोस."

तिने कॉल कापला. कसा कापायचा ते तिला पहिल्यांदाच नीट जमलं.

सत्यशीला उठली नाही, गळ्यात पडली नाही, चहा टाक म्हणाली नाही. बनुबाईनेही वाट बघितली नाही. निघताना तिने फक्त बाळाच्या टाळूवर हात ठेवला. तो सत्यशीलाने बाजूला केला नाही, एवढंच.

घरी येऊन तिने ट्रंकेतून तो रबर लावलेला बटणांचा फोन काढला. माझं सिम काढायला ईश्वरीने कानातली बाळी वापरली. सिमच्या भोवतीची प्लास्टिकची चौकट बनुबाईने माझ्या खोक्यात जपून ठेवली होती, कारण ती काहीच टाकत नाही. चौकटीत सिम बसवलं, त्या भंगारात घातलं, रबर लावलं. मला चहाच्या डब्यात. ज्याला मी हसत होतो, तो आता तिच्या कमरेच्या पिशवीत आहे आणि त्यात रेडिओसुद्धा आहे. काकासाहेबाने त्यानंतर महिनाभर फोन केला नाही. अश्विनी करते, तो ऐकत नसेल अशा वेळी.

तर मला बनवणाऱ्यांनो, तुम्हाला माझं सांगणं आहे, आणि विनंतीचा सूर आणायला मला जमणार नाही. तुम्ही मला चंद्राचा फोटो काढायला शिकवलंत. तोंड बघून कुलूप उघडायला शिकवलंत. कोण संकटात आहे आणि कोण लबाड, हे ओळखायला शिकवलं नाहीत, आणि तरी कापायची सुरी हातात दिलीत. आणि तुम्ही, आईबापांच्या फोनला कुलपं घालणाऱ्या लेकांनो, निदान त्यांना सांगून तरी घाला. त्यांच्या घराकडे कोण कुठल्या वाटेने येतं, ते आधी त्यांनाच विचारा. बाकी मला तुमच्याशी काही बोलायचं नाही.

काल दुपारची गोष्ट सांगतो आणि झाकण लावून घेतो. बनुबाई भाकरी थापत होती. बटणांचा फोन वाजला, कर्कश, सगळ्या घरात ऐकू जाईल असा. नंबर कुणाचा होता, ते त्यालाही माहीत नसेल. तिने पिठाच्याच हाताने तो दाबला. पलीकडून आवाज आला.

"मी बोलतीय."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. ती करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला.

"बोल," ती म्हणाली.

"ज्योतीच्या माह्यारची गाय अडलीया. गाडी धाडलीय तुझ्याकडं. येशील?"

तिने चूल विझवली. कोनाड्यातली तेलाची बाटली उचलल्याचा आवाज आला, मग दाराची कडी. मी डब्यात पडल्या पडल्या 'मी बोलतीय' हा आवाज पुन्हा पुन्हा आठवत राहिलो. त्या दुपारी तो अकरा वेळा माझ्या दाराशी आला होता आणि एकदाही मी तो ऐकला नव्हता.